घर सजवितांना प्रथम कोणास विचारावें?

घराची पारख चोराइतकी बारकाईनें दुसरें कोण करणार? शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकाच्या तिसऱ्या अंकांत शर्विलक भिंतीस भगदाड पाडून चारुदत्ताच्या घरांत शिरतो. आंत त्यास मृदंग दिसतो, वीणा दिसते, वेळूच्या बांसऱ्या दिसतात, पोथ्या दिसतात. आणि हें एखाद्या नाट्याचार्याचें घर तर नव्हे, असा त्यास प्रश्न पडतो. येथें धन नाहीं, हें त्यास लौकरच कळून चुकतें. परंतु घरधनी कोणत्या वृत्तीचा माणूस आहे, हेंहि त्या चार वस्तूंनीं न विचारतां सांगून टाकलेलें असतें.

हाच शर्विलक आज पुण्यांतील वा ठाण्यांतील एखाद्या नव्यानें सजविलेल्या सदनिकेंत शिरला, तर त्यास काय दिसेल? टीव्हीच्या मागें लाकडी पट्ट्यांची भिंत व तिच्या फटींतून झिरपणारा पिवळा उजेड. छताखालीं दुसरें छत. राखी रंगाचा बैठा सोफा. कोपऱ्यांत कधींहि न वाढणारें व कधींहि न वाळणारें प्लास्टिकचें झाड. घर वैद्याचें कीं वकिलाचें, गवयाचें कीं गणितज्ञाचें, याचा त्यास पत्ता लागणार नाहीं. कारण शेजारचें घर तसेंच, आणि त्याच्या शेजारचेंहि तसेंच. मोबाइलवरील चित्रें पाहून घर सजविण्याची जी चाल सध्यां पडली आहे, तिचा हा परिणाम होय.

सजावटीस माझा विरोध आहे, असा ग्रह कृपा करून कोणीं करून घेऊं नये. आपल्या पूर्वजांनीं गृहशोभेचा विचार अगदीं तपशिलानें केलेला आहे. वात्स्यायनानें नागरकाच्या खोलीचें वर्णन केलें आहे, तें याची साक्ष देईल. मऊ शय्या, जवळच उटणें, माळा व तांबूल ठेवावयास चौरंग, जमिनीवर पिकदाणी, खुंटीस अडकविलेली वीणा, चित्र काढण्याचा फलक, कुंचल्यांची डबी, एखादें पुस्तक आणि कोरांटीच्या माळा. भिंतींतील खुंटीस तेथें ‘नागदंत’ हा किती सुंदर शब्द योजिला आहे! परंतु शब्दापेक्षांहि लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही, कीं यांतील एकहि वस्तु केवळ पाहुण्यांनीं पाहावी म्हणून ठेवलेली नाहीं. वीणा वाजविण्याकरितां आहे, फलक रंगविण्याकरितां आहे. आणि तरीहि, किंबहुना म्हणूनच, ती खोली शोभिवंत आहे.

तात्पर्य, घर सजवितांना ‘येथें काय शोभेल?’ हा दुसरा प्रश्न आहे. ‘येथें कोण, केव्हां, काय करणार?’ हा पहिला. पहिल्या प्रश्नास वगळून दुसऱ्याचें उत्तर शोधिलें म्हणजे काय होतें, याचें एक उदाहरण सांगतों.

गेल्या चैत्रांत एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरीं जाण्याचा योग आला. कर्ज काढून त्यानें घर नव्यानें सजविलें होतें, आणि तें दाखवितांना त्याच्या चेहऱ्यावरील आनंद पाहून मलाहि समाधान वाटलें. चहा घेतां घेतां मीं विचारलें, “अरे, नाना कोठें आहेत?”

“नाना गॅलरींत बसतात, सर. एवढी चांगली बैठक केली, पण त्यांना तिथंच आवडतं. आम्ही पुष्कळ सांगून पाहिलं.”

मी गॅलरींत गेलों. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे नाना दोरीवरच्या ओल्या कपड्यांशेजारीं एका प्लास्टिकच्या खुर्चीवर वर्तमानपत्र घेऊन बसले होते. मीं कारण पुसलें, तेव्हां ते हळू आवाजांत म्हणाले, “मास्तर, त्या सोफ्यावरून मला उठतां येत नाहीं. दर वेळीं कुणाला तरी हांक मारावी लागते. या खुर्चीला हात आहेत. माझा मी उठतों.”

परत दिवाणखान्यांत येऊन मीं मोजपट्टी मागून घेतली. सोफ्याची बैठक जमिनीपासून १४ इंच भरली, आणि बसतांच ती आणखी २ इंच खालीं दबली. प्लास्टिकच्या खुर्चीची बैठक १७ इंच होती. त्या पांच इंचांनीं एका माणसास स्वतःच्या घराच्या दिवाणखान्यांतून बाहेर घालविलें होतें. आणि घरांत कोणाच्याहि मनांत तसें नव्हतें. विद्यार्थी बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. पुढच्या रविवारीं माळ्यावरची जुनी सागवानी खुर्ची खालीं आली. सोफ्याच्या रंगाशीं ती मुळींच जुळत नाहीं. पण नाना आतां संध्याकाळच्या बातम्या सर्वांबरोबर पाहतात.

आतां कांहीं व्यवहाराच्या गोष्टी.

आसनापासून आरंभ करूं. ज्या घरांत वडील मंडळी आहेत, तेथें निदान एक आसन १७ ते १९ इंच उंचीचें, घट्ट बैठकीचें आणि हातांचें असावें. विकत घेण्यापूर्वीं ज्यांस त्यावर बसावयाचें त्यांसच दुकानांत नेऊन बसवावें, व त्यांचें त्यांस उठतां येतें कीं नाहीं हें पाहावें. घडीव चित्रांवरून आसनाची निवड करणें म्हणजे पत्रिका न पाहतां नव्हे, तर माणूस न पाहतां सोयरीक जुळविण्यासारखें आहे.

आसनाखालोखाल जमीन. शेणानें सारवलेली जमीन जाऊन शहाबादी फरशी आली, पुढें मोझेक आलें आणि आतां गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशीचें राज्य आहे. ती दिसावयास आरशासारखी. परंतु ओली झाली कीं तिची घसरगुंडी होते. न्हाणीघर, स्वयंपाकघर व गॅलरी या तीन ठिकाणीं तरी खरखरीत फरशीच घालावी. न्हाणींत व शौचकूपाशेजारीं धरावयाची दांडी भिंतींत पक्की बसवून घ्यावी. टॉवेल वाळत घालण्याची दांडी तें काम करूं शकत नाहीं. माणसाचा भार पडतांच ती उखडून हातीं येते. उतारवयांत खुब्याचें हाड मोडलें, तर पुष्कळांचें हिंडणेंफिरणें पुन्हां पूर्ववत् होत नाहीं. एका दांडीस जो खर्च येतो, तो सोफ्यावरील दोन शोभेच्या उशांहून फारसा अधिक नसतो.

खोट्या छताचा मोह सध्यां सर्वत्र आहे. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणें राहत्या खोलीची उंची निदान २.७५ मीटर, म्हणजे सुमारें नऊ फूट, असावी असा दंडक आहे. पुष्कळ सदनिकांत उंची यापेक्षां फारशी अधिक नसते. त्यांतून जिप्समच्या छतानें अर्धा-पाऊण फूट खाल्ला, कीं पंखा तितका खालीं येतो आणि खोली कोंदट भासूं लागते. अगदीं वरच्या मजल्यावर गच्चीची उष्णता अडविण्यास अशा छताचा कांहीं उपयोग आहे, हें मान्य केलें पाहिजे. मधल्या मजल्यांवर मात्र तारा झांकण्यापलीकडे त्याचें विशेष प्रयोजन दिसत नाहीं.

उजेडाच्या बाबतींत दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. एलईडी दिव्याच्या खोक्यावर ‘केल्विन’ या मापाचा आंकडा छापलेला असतो. २७०० ते ३००० चा उजेड पिवळसर. तो बसण्याच्या व झोपण्याच्या खोलीस बरा. ४००० चा स्वयंपाकास व अभ्यासास योग्य. ६५०० चा पांढरा-निळसर. तो शेजेजवळ नसावा. ९ वॉटचा एलईडी दिवा जुन्या ६० वॉटच्या दिव्याइतका प्रकाश देतो. दुसरी गोष्ट अशी, कीं वय वाढलें म्हणजे वाचावयास तरुणपणापेक्षां पुष्कळ अधिक उजेड लागतो. छताच्या खांचेंत लपविलेल्या दिव्यांनीं खोली उजळते, पोथी उजळत नाहीं. वाचणाऱ्याच्या बाजूस एक स्वतंत्र दिवा हवा. आणि उजव्या हातानें लिहिणाऱ्या मुलाच्या मेजावर तो डाव्या बाजूस हवा, म्हणजे हाताची सांवली कागदावर पडत नाहीं. निजावयाच्या खोलीपासून न्हाणीपर्यंतच्या वाटेवर रात्रीं एक मंद दिवा जळत असावा.

लाकूड व रंग यांचा संबंध आरोग्याशीं येतो. प्लायवूड व तत्सम फळ्या ज्या गोंदानें चिकटवितात, त्यांपैकीं पुष्कळांतून फॉर्माल्डिहाइड नांवाचा वायु बराच काळ बाहेर पडत राहतो. हा वायु मनुष्यांत कर्करोगास कारण होतो, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें २००४ सालीं दिला. म्हणून कमी उत्सर्जनाच्या, ई-१ वा ई-० प्रतीच्या फळ्या मागाव्या. आणि काम संपतांच लहान मुलास त्या खोलींत निजवूं नये. कांहीं आठवडे खिडक्या उघड्या ठेवून वारा खेळूं द्यावा. ओट्याखालच्या कपाटांस आयएस ७१० या मानकाचें, पाण्यांत टिकणारें प्लायवूड घ्यावें. घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावें, असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. डब्यावर तसा उल्लेख आहे कीं नाहीं, हें पाहून घ्यावें. कोंकणांत व मुंबईंत बाहेरच्या भिंतीस कपाट चिकटवून ठेवूं नये. मध्यें दोन बोटें जागा सोडावी, नाहीं तर श्रावणांत मागील फळीस बुरशी आलीच म्हणून समजावें.

आतां राहिली भिंत. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ सालीं मुंबईस निघाला व पुढें मळवलीजवळ गेला. तेथील रंगीत देवादिकांनीं कित्येक मराठी घरांच्या भिंती भरून टाकल्या. त्या चित्रांस कोणी कांहींहि म्हणो, घरांतील लहान मूल त्यांतील प्रत्येक आकृतीची कथा सांगूं शकत असे. आज भिंतीवर टांगलेल्या रंगांच्या फराट्यांविषयीं घरधन्यासहि कांहीं सांगतां येत नसेल, तर त्यांपेक्षां मुलीनें काढलेलें चित्र चौकटींत घालून लावलेलें काय वाईट? जुनें घंगाळ वा पाणी तापविण्याचा बंब घांसून दिवाणखान्यांत मांडण्याची टूम सध्यां निघाली आहे. खुशाल मांडावा, मात्र बंबांत विस्तव कोठें घालीत व पाणी कोठें भरीत, हें नातवंडांस सांगणारें माणूस जवळ असेल, तर त्यास शेजारीं बसावयास जागा ठेवावी.

खर्चाविषयीं एकच सांगतों. ठरविलेल्या रकमेचा दहावा हिस्सा हातचा राखून ठेवावा, आणि पहिल्या वर्षीं सर्व घर भरून टाकूं नये. कोणता कोपरा कोणाचा होतो, हें घरांत चारहि ऋतु काढल्यावांचून कळत नाहीं. उन्हाळ्यांत जी खिडकी नकोशी, तीच पौषांत सर्वांची आवडती ठरते.

सजावटकारास बोलावण्यापूर्वीं एका संध्याकाळीं घरांतील सर्वांनीं एकत्र बसावें. एका कागदावर प्रत्येकानें आपण सकाळीं कोठें बसतों, दुपारीं कोठें पडतों, भाजी कोठें निवडतों, जप कोठें करतों, अभ्यास कोठें करतों, हें लिहावें. जे लिहूं शकत नाहींत वा सांगावयास संकोचतात, त्यांचें दुसऱ्यानें विचारून लिहावें. असा कागद हातीं आला म्हणजे भिंतीचा रंग कोणता, पडदे कसले, हे प्रश्न राहतातच. पण ते मग सुखानें, हसत-खेळत सोडवितां येतात.