काळ्या बंपरवरची राख

वालूरसारख्या जुन्या गावात वाडे आधी बांधले गेले आणि मोटार फार मागाहून आली. वाड्याच्या दरवाजातून माणूस, जनावर आणि धान्याची पोती आत जात. चारचाकीची सोय त्या काळी कोणी करून ठेवण्याचे कारण नव्हते. त्यामुळे गाडी बहुधा उघड्यावरच उभी राहते. परभणी जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर असतो. असे काही उन्हाळे सरले की रंगवलेला पत्रा अजून बरा दिसतो. मात्र बंपरचा खालचा भाग, आरशांची पाठ, चाकांवरच्या कडा आणि पुढील काचेखालची वायपरलगतची जाळी राखेसारखी पांढुरकी पडते. अलीकडच्या उंच गाड्यांना असे न रंगवलेले काळे प्लास्टिक अधिक असते, म्हणून गाडी वयापेक्षा म्हातारी दिसू लागते.

घरोघरी या पांढुरकेपणाला मळ समजले जाते. वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव ग्रामस्थांनी गाळ-कचरा उपसून मोकळी केली, तेव्हा आतील दगडी काम पुन्हा दृष्टीस पडले. वरचा थर परका होता, खालची वस्तू शाबूत होती. बंपरच्या बाबतीत तसे नाही. येथे वरचा थर म्हणजे ती वस्तूच असते, आणि ती उन्हाने जळलेली असते.

हे प्लास्टिक प्रायः पॉलिप्रॉपिलीन जातीचे असते. १९५४ साली इटलीतील जुलिओ नाटा यांनी ते स्फटिकी रूपात घडवले. १९६३ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना कार्ल झीग्लर यांच्यासह मिळाले. हलके, स्वस्त आणि चिवट असे हे द्रव्य अतिनील किरणांपुढे मात्र दुबळे ठरते. प्राणवायूच्या साथीने हे किरण त्याच्या लांब साखळ्या तोडतात, पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात आणि त्यांवरून प्रकाश विखुरला की काळे पांढरे भासते. ताठपणासाठी मिसळलेले शंखजिरे उघडे पडले तर बोटाला भुकटीही लागते. काजळीची पूड आणि इतर संरक्षक द्रव्ये कारखान्यातच घातलेली असतात. ती झीज लांबवतात, थांबवीत नाहीत.

परीक्षा सोपी आहे. पांढरा भाग पाण्याने ओला करावा. ओला असता काळाभोर आणि वाळताच पुन्हा पांढरा होत असेल, तर भेगांत तात्पुरते पाणी भरले एवढाच त्याचा अर्थ. तेलाने नेमके हेच घडते, फक्त ते सावकाश वाळते.

यामुळेच घरगुती उपाय पहिल्या दिवशी चमत्कार वाटतात. खोबरेल तेल चार दिवस चकाकते आणि मग रस्त्याची सारी धूळ धरून ठेवते. संध्याकाळी दिव्याखाली गाडी उभी असेल तर चिलटेही त्या तेलात अडकून मरतात. बुटांचे पॉलिश पहिल्या सरीबरोबर ओघळते. रॉकेल आणि डिझेल दारांचे रबर फुगवतात. इंजिनचे जुने तेल तर हाताला लावण्याच्याही योग्यतेचे नाही. जवसाचे तेल वाळून पातळ पापुद्रा धरते, म्हणून ते त्यातल्या त्यात टिकते. परंतु त्याने भिजलेले फडके चुरगळून कोपऱ्यात टाकले तर ते आपोआप तापून पेट घेऊ शकते. ज्या घरात कापूस साठवलेला असतो, तेथे ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. असे फडके पाण्यात बुडवावे किंवा उघड्यावर पसरून वाळवावे.

योग्य क्रम असा. सकाळी सावलीत, प्लास्टिक थंड असताना, बादलीभर पाण्यात सौम्य शाम्पू घालून मऊ ब्रशने खाचा धुवाव्यात. गाडी धुण्याचे कित्येक मऊ ब्रश डुकराच्या केसांचे असतात. नायलॉनचे मागून घ्यावेत. वॅक्स घेतानाही मधमाशीच्या मेणाऐवजी कार्नौबा या ताडवृक्षाचे मिळते. मुळात वॅक्स पत्र्यासाठी असते. खरबरीत प्लास्टिकवर त्याचे पांढरे डागच उरतात. पूर्ण वाळल्यावर निम्मे पाणी मिसळलेल्या आयसोप्रॉपिल अल्कोहोलने पुसावे, म्हणजे जुने तेल निघेल. मग पाण्यावर आधारित ड्रेसिंगचा पातळ हात द्यावा. तो काही आठवडे टिकतो. प्लास्टिकसाठीचे सिरॅमिक कोटिंग महाग असते, पण घट्ट बसते आणि कित्येक महिने राहते. ते आधी नजरेआड कोपऱ्यात लावून पाहावे, कारण चुकलेला पट्टा पुसून जात नाही. रंगच द्यायचा असेल तर प्लास्टिकचा प्रायमर आवश्यक. या जातीच्या प्लास्टिकला रंग सहज धरत नाही. गरम हवेच्या गनने काळेपणा क्षणात परततो खरा, पण तोही टिकाऊ नसतो, आणि हात जरा रेंगाळला तर बंपर वाकडा होतो. नवशिक्याने त्या वाटेला न गेलेले बरे. पायदान, पेडल आणि स्टिअरिंगला चकाकी देणारे काहीही लावू नये. पाय किंवा हात घसरतो.

जुनी गाडी विकतानाही हीच चकाकी कामी येते. सिलिकॉनचा एक हात दिला की थकलेली गाडी तरतरीत दिसते, आणि घरातल्या सर्वांनी मिळून जमवलेली रक्कम त्या दिसण्यावर सोपवली जाते. रंग दिल्याचे विक्रेत्याने स्पष्ट सांगितले तर त्यात वावगे काहीच नाही. न सांगता लावलेला मुलामा ओळखण्यासाठी खरेदीदाराने दारांखालची पट्टी ओल्या पांढऱ्या फडक्याने दोनदा पुसून पाहावी. त्यानंतर बोनेट उघडावे. काचेखालच्या जाळीची एक कड बोनेटखाली झाकलेली असते. तेथे मूळचा काळा रंग तसाच राहिलेला असतो. बाहेरचा भाग त्या कडेशेजारी ठेवून पाहिला, म्हणजे गाडी किती उन्हाळे उघड्यावर उभी होती याचा अंदाज कागदपत्रे न पाहताही येतो.