आडनांवामागचें गांव

गेल्या महिन्यांत पुण्यांतील एका स्नेह्यांकडे सत्यनारायणाच्या प्रसादास जाण्याचा योग आला. त्यांच्या दारावर जुनी पितळी पाटी आहे आणि तिजवर 'मैंदर्गीकर' हीं अक्षरें कोरलेलीं आहेत. तीन पिढ्या एकत्र नांदणारें हें घर. त्या दिवशीं मात्र माजघरांत थोडा वाद चालला होता. धाकटा नातू नोकरीनिमित्त इंग्लंडास निघाला आहे. तत्पूर्वीं राजपत्रांत जाहिरात देऊन आडनांव आखूड करून घ्यावें, असें त्याच्या मनानें घेतलें होतें. "तिकडे हें नांव कोणाला उच्चारतां येणार?" तो म्हणाला. "त्यांचीं नांवें पाहा, स्मिथ, बेकर, टेलर, कशीं सुटसुटीत! आपल्या नांवाला अर्थ तरी काय आहे?" वडील रागावले, चुलते हंसले, आजीबाई कांहींच बोलल्या नाहींत. आम्हीं सहज विचारलें, "ह्या घरांतील मैंदर्गी गांव कोणीं पाहिलें आहे?" जमलेल्या अकरा माणसांपैकीं एकानेंही होकार दिला नाहीं.

हा प्रसंग एका घरचा असला तरी प्रश्न अनेक घरांचा आहे. म्हणून ह्या महिन्यांत आडनांवाविषयींच चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम त्या सुटसुटीत इंग्रजी नांवांकडे वळूं. इंग्लंडांतही एके काळीं साध्या माणसास एकच नांव पुरे असे. १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं तो देश जिंकल्यावर जमीनदार वर्गांत दुसरें नांव लावण्याची चाल वाढली. पुढें करांच्या याद्या आणि न्यायालयांचीं दप्तरें वाढलीं. एका गांवांतले दहा जॉन एकमेकांपासून वेगळे ओळखण्याची गरज पडूं लागली. आणि १४०० च्या सुमारास बहुतेक इंग्रज कुटुंबांत बापाचें आडनांव मुलाकडे जाऊं लागलें. हीं नांवें मुख्यतः चार प्रकारांनीं पडलीं: धंद्यावरून, गांवावरून, बापाच्या नांवावरून आणि अंगच्या एखाद्या लक्षणावरून. स्मिथ म्हणजे लोहार, बेकर म्हणजे पाव भाजणारा, टेलर म्हणजे शिंपी. जॉन्सन म्हणजे जॉनचा मुलगा. ज्या नांवाचा आमच्या तरुण मित्रास एवढा मोह पडला, त्याचा अर्थ त्याला मराठींत ऐकविला असता तर तें त्यानें घेतलें असतें किंवा नाहीं, ह्याची आम्हांस शंकाच आहे!

आतां लक्ष देण्याजोगी गोष्ट ही कीं, स्मिथ हें इंग्लंडांत आजही सर्वांत अधिक आढळणारें आडनांव आहे, आणि अमेरिकेंतही तसेंच आहे. ह्याचा अर्थ सारे स्मिथ एका मूळपुरुषाचे वंशज आहेत असा मुळींच नव्हे. गांवोगांवीं एक लोहार होता, म्हणून गांवोगांवीं एक स्मिथ झाला. आमच्याकडील कुलकर्णी, जोशी आणि पाटील ह्यांच्या विपुलतेचें रहस्यही हेंच आहे. कुळ म्हणजे जमीन कसणारा आणि करण म्हणजे हिशेबाचें लेखन, अशी कुलकर्णी शब्दाची फोड करतात. कानडींतही करणिक म्हणजे हिशेबनीसच. गांव तेथें कुलकर्णी, गांव तेथें पाटील, आणि पंचांग सांगणारा जोशीही बहुधा ठरलेला. फारसींतील 'नवीस' म्हणजे लिहिणारा; त्याचा 'नीस' होऊन चिटणीस, सबनीस, फडणीस हीं नांवें आलीं. पेशवाईंतील नाना फडणवीसांचें घराण्याचें आडनांव भानू हें होतें. परंतु हुद्दा एवढा मोठा झाला कीं भानू हें नांव आज अभ्यासकांपुरतेंच उरलें आहे.

म्हणूनच एक कुलकर्णी दुसऱ्या कुलकर्ण्यांचा भाऊबंद असेलच असें नाहीं. पाटील तर मराठ्यांत आहेत, लिंगायतांत आहेत, जैनांत आहेत, आगरी-कोळ्यांतही आहेत. आमच्या घरांतून विवाह ठरवितांना वडीलधारी मंडळी आडनांव न विचारतां गोत्र विचारीत, त्याचें कारण हेंच. आणि सगोत्र विवाहास पूर्वीं असलेली आडकाठीही १९४६ च्या कायद्यानें दूर झाली आहे. आडनांव म्हणजे रक्त नव्हे, ही गोष्ट आमच्या आज्यांस आमच्याहून अधिक ठाऊक होती.

गांवावरून पडलेल्या नांवांची गोष्ट मात्र निराळी आहे. मैंदर्गी हें सोलापूर जिल्ह्याच्या अक्कलकोट तालुक्यांतील, कर्नाटकाच्या सीमेलगतचें लहानसें शहर. तेथें नगरपरिषद आहे, आणि त्या टापूंत कानडी व मराठी दोन्ही भाषा नांदतात. कलबुर्गी, शिंदगी, बिळगी ह्या कानडी मुलुखांतील नांवांशीं मैंदर्गीचा कानाला जाणवणारा सारखेपणा आहेच. आतां विचार करावा: मैंदर्गींत राहणाऱ्या माणसास मैंदर्गीकर कोण म्हणेल? तेथें सारेच मैंदर्गीचे! हें नांव जें पडलें तें गांव सोडल्यावर पडलें, आणि तें परक्या गांवच्या लोकांनीं पाडलें. एखादा पुरुष विद्येसाठीं, चाकरीसाठीं किंवा दुष्काळाच्या झळीनें बिऱ्हाड घेऊन दुसरीकडे गेला, तेथल्या लोकांनीं विचारलें, "हे कोण?" उत्तर मिळालें, "ते मैंदर्गीचे." तेवढ्या एका उत्तराचें आडनांव झालें. म्हणून कुलकर्णी हजारों आणि मैंदर्गीकर थोडे. हुद्दा प्रत्येक गांवांत असतो. परंतु एका ठराविक गांवांतून उठून गेलेलीं घरें मोजकींच असतात.

सीमेवरच्या ह्या मुलुखांत आणखी एक गंमत दिसते. मराठी माणूस गांवाच्या नांवास 'कर' जोडतो. कानडी माणूस बहुधा गांवाचेंच नांव तसेंच धारण करितो. सवाई गंधर्व म्हणून गाजलेले रामभाऊ कुंदगोळकर (१८८६–१९५२) हे धारवाडकडील कुंदगोळचे. मराठी रंगभूमीवर ते वावरले आणि त्यांच्या नांवास 'कर' लागला. त्यांच्याच शिष्या गंगूबाई हनगल (१९१३–२००९) ह्यांचें नांव हनगल गांवावरून आलें, तें 'कर' न लागतां राहिलें. मल्लिकार्जुन मन्सूर (१९१०–१९९२) हेही मन्सूर गांवचेच. सवाई गंधर्वांचे दुसरे शिष्य भीमसेन जोशी (१९२२–२०११) गदगचे. परंतु जोशी ह्या नांवावरून कोणी त्यांची मातृभाषा ओळखूं शकणार नाहीं. खुद्द सोलापुरांत तिसरी तऱ्हाही पाहावयास मिळते: तेथील तेलुगू विणकरांत घराण्याचें नांव प्रथम आणि माणसाचें मागून, असा रिवाज आहे. १९५६ सालीं राज्यांची पुनर्रचना झाली आणि १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें. तथापि आडनांवांनीं ती सीमा मनावर घेतलेली दिसत नाहीं.

गांवावरून आलेलें नांव कधीं कधीं फिरून गांवासच जाऊन मिळतें. लिंकन हें इंग्लंडांतील प्राचीन शहर. त्यावरून आडनांव झालें. त्या आडनांवाचे अब्राहम लिंकन अमेरिकेचे अध्यक्ष झाले. आणि नेब्रास्का संस्थानच्या राजधानीस त्यांचें नांव देण्यांत आलें. आमच्याकडे मालवण तालुक्यांत किर्लोस हें गांव आहे. तेथून निघालेलें घराणें किर्लोस्कर झालें. बेळगांवकडील गुर्लहोसूर येथें १८६९ सालीं जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं औंध संस्थानांत एका उजाड माळावर कारखाना घातला, आणि त्या माळाची किर्लोस्करवाडी झाली. गांवानें माणसास नांव दिलें, माणसानें तें दुसऱ्या गांवास दिलें.

आडनांव बदलण्यांत कांहीं पाप आहे, असेंही आम्ही म्हणत नाहीं. मास्टर दीनानाथांनीं गोव्यांतील मंगेशी ह्या आपल्या गांवावरून मंगेशकर हें नांव घेतलें, आणि पुढच्या पिढीनें तें जगभर नेलें. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांचें घराणें रत्नागिरी जिल्ह्यांतील आंबडवे गांवचें. शाळेंत त्यांचें नांव आंबडवेकर होतें, आणि त्यांच्यावर लोभ असलेल्या एका शिक्षकांनीं आपलें आंबेडकर हें आडनांव त्यांच्या नांवापुढें लाविलें, ही हकीकत त्यांच्या चरित्रांत सांगितलेली आहे. नांवामुळें माणूस मोठा होत नाहीं. माणसामुळें नांव मोठें होतें.

तथापि नांव टाकण्यापूर्वीं त्यांत काय सांठविलेलें आहे, हें एकदां पाहावें. बारकाईनें पाहिल्यास आडनांव हें बहुधा आपणांपाशीं असलेल्या वस्तूचें नसतें. गेलेल्या वस्तूचें असतें. मैंदर्गीकरांपाशीं मैंदर्गी राहिली नाहीं. कुलकर्ण्यांचें वतन १९५० च्या कायद्यानें गेलें. मुलकी पाटिलकीची वंशपरंपरा १९६२ च्या कायद्यानें संपली. दप्तर गेलें, जमा-वसूल गेला. मागें राहिलें तें चार अक्षरी नांव. त्याचा ताठा मिरविण्यांत जसा अर्थ नाहीं, तसा त्याचा कंटाळा करण्यांतही नाहीं. तें एक स्मरण आहे, आणि स्मरणाशीं जसें वागावें तसें त्याच्याशीं वागावें.

आणि येथेंच आम्हांस एक गोष्ट खटकते. पुरुष गांव सोडून गेला तर त्यानें सोडलेलें गांव त्याच्या नांवांत पिढ्यान्‌पिढ्या जपलें जातें. स्त्री मात्र गांव सोडून सासरीं येते, तेव्हां सोडलेलें गांव तिच्या नांवांतूनही पुसलें जातें; अनेक घरांत तर पाळण्यांतलें नांवही जातें. नाशिकच्या क्षेत्रोपाध्यांच्या वह्यांत शोध घेतला तर पणजोबा, खापरपणजोबा आणि त्यांचें मूळ गांव सांपडतें. घराघरांतून जपलेल्या वंशावळींत मुलगे, नातू, पणतू ओळीनें सांपडतात. पण पणजीचें माहेर कोठलें, हें विचारल्यास बहुतेक घरें निरुत्तर होतात. विवाहानंतर नांव बदललेंच पाहिजे, असा कोणताही कायदा नाहीं. महाराष्ट्र सरकारनेंही २०२४ सालीं असा निर्णय केला कीं, त्या वर्षाच्या १ मेपासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत बापाच्या नांवाआधीं आईचें नांव लिहावें. सरकारास जें सुचलें तें घराच्या वंशावळीस सुचण्यास अडचण कोणती?

त्या दिवशीं वाद लांबल्यावर अखेर आजीबाई बोलल्या. त्या माहेरच्या कुलकर्णी. त्या नातवास म्हणाल्या, "बाळा, लग्नांत ताटांत तांदूळ पसरले, अंगठीनें त्यांत माझें नवें नांव लिहिलें, आणि दुसऱ्या दिवशीं त्याच तांदुळांचा भात शिजला. माझें जुनें नांव कोठें गेलें, हें मला कोणीं विचारलें नाहीं. तुला विचारणारीं एवढीं माणसें बसलीं आहेत. तुला हवें तर टाक तें नांव. पण जें गांव टाकायचें तें आधीं पाहून तरी ये." माजघरांत कोणी कांहीं बोललें नाहीं. थोड्या वेळानें नातवानेंच विचारलें, "आजी, तुझें माहेरचें गांव कोणतें ग?" साठ वर्षांहून अधिक काळ त्या घरांत वावरलेल्या बाईंस हा प्रश्न त्या घरांत प्रथमच विचारला जात होता, असें त्यांच्या चेहऱ्यावरून आम्हांस वाटलें.

आतां आजी, नातू आणि चुलते असे तिघे सोलापुरास उतरून मैंदर्गीस जाणार आहेत, आणि परतीच्या वाटेवर आजीबाईंच्या माहेरीं. राजपत्राचा अर्ज तूर्त टेबलाच्या खणांत पडून आहे. तो पुढें जाईल किंवा राहील. तें त्या मुलानें ठरवावें. आमचें वाचकांस एवढेंच सांगणें आहे कीं, येत्या सणास घरचीं सारीं माणसें एकत्र जमतील तेव्हां घरांतील वंशावळ काढावी, आणि प्रत्येक पुरुषाच्या नांवाशेजारीं त्याच्या पत्नीचें माहेरचें नांव व गांव, आठवेल तेवढें, लिहून ठेवावें. विचारण्याजोगी माणसें अजून घरांत आहेत, तोंवरच हें काम होण्यासारखें आहे.