स्काल्पवरून हिप्पोकॅम्पसची नोंद घ्यायची तर

झटक्याचे वर्णन टेम्पोरल लोबच्या अपस्माराशी तंतोतंत जुळते आणि ईईजी मात्र कोरा येतो. हा पेच आपल्यापैकी कुणालाच नवा नाही. हिप्पोकॅम्पसमधला स्पाइक स्काल्पपर्यंत येता येता विरतो, कवटी त्याला पसरवते. शिवाय पृष्ठभागावरच्या मोजमापांवरून आतला स्रोत एकमेव ठरवता येत नाही, हे हेल्महोल्ट्झने १८५३ मध्येच दाखवले होते. त्यामुळे खात्री हवी असेल तर कवटीला छिद्रे पाडून डेप्थ इलेक्ट्रोड घालावे लागतात.

केंद्रित अल्ट्रासाऊंडने या पेचातून वाट काढण्याचा प्रयत्न गंभीरपणे घ्यावा असा आहे. क्षारयुक्त द्रवावरचा दाब बदलला की त्याची विद्युतवाहकता किंचित बदलते, हे फॉक्स, हर्झफेल्ड आणि रॉक यांनी १९४६ मध्ये नोंदवले. म्हणजे मेंदूत जिथे ध्वनी एकवटेल, तिथून वाहणाऱ्या प्रवाहावर त्या ध्वनीच्या वारंवारतेची खूण उमटेल. स्काल्पवर ती खूण वेगळी काढली की स्रोताची जागा फोकसच सांगतो. अर्ध्या मेगाहर्ट्झला ऊतीतली तरंगलांबी सुमारे ३ मिलिमीटर असते. स्काल्प ईईजीला इतकी नेमकी जागा दाखवता येत नाही. रसेल विट यांनी सहकाऱ्यांसह २००७ मध्ये लॉबस्टरच्या चेतारज्जूतला प्रवाह याच पद्धतीने टिपला आणि पुढे ॲरिझोना विद्यापीठात हे काम मेंदूकडे वळवले.

आता आकडे पाहू. एका मेगापास्कलमागे रोधातला बदल साधारण ०.१ टक्का. स्काल्पवर १० मायक्रोव्होल्ट देणारा सगळा प्रवाह फोकसमधूनच जातो असे धरले, तरी खूण १० नॅनोव्होल्टची. इलेक्ट्रोडचा इम्पीडन्स ५ किलोओहम असेल, तर १०० हर्ट्झच्या पट्ट्यात नुसता उष्णताजन्य गोंगाट ९० नॅनोव्होल्टच्या घरात जातो. सर्वांत अनुकूल गृहीते धरूनही सिग्नल गोंगाटाच्या बरोबरीला आणायला शंभराच्या आसपास पुनरावृत्तींची सरासरी लागेल. दाब वाढवायलाही फारशी जागा नाही: यांत्रिक निर्देशांकाची १.९ ही मर्यादा पाळली तर अर्ध्या मेगाहर्ट्झला सुमारे १.३ मेगापास्कलवर थांबावे लागते आणि कवटी त्याआधीच बरीच ऊर्जा खाते. म्हणून पहिले यश इव्होक्ड पोटेन्शियलमध्ये मिळेल, असे आम्हाला वाटते. एकदाच उमटून जाणारा स्पाइक त्या मानाने फार दूर आहे, आणि रुग्णाच्या नातेवाइकांनी विचारले तर हे स्पष्ट सांगायला हवे.

त्याहून मोठी काळजी आर्टिफॅक्टची. ट्रान्सड्यूसरचा विद्युतदाब नेमक्या त्याच वारंवारतेला अॅम्प्लिफायरमध्ये झिरपतो, इलेक्ट्रोड थरथरतो. २०१८ मध्ये 'न्यूरॉन'मधल्या दोन शोधनिबंधांनी गिनीपिग आणि उंदरांत दाखवले, की मेंदूवर अल्ट्रासाऊंड सोडल्यावर दिसलेला प्रतिसाद बऱ्याच अंशी श्रवणमार्गातून आलेला होता. शिवाय अल्ट्रासाऊंड चेतापेशींची क्रियाही बदलू शकतो. मग आपण मेंदूची नोंद घेतो आहोत की आपल्याच हस्तक्षेपाची?

म्हणून या विषयावरचे लेख पाठवणाऱ्यांकडून आम्ही तीन गोष्टी मागणार आहोत. फँटममध्ये प्रवाहाची दिशा उलटवली की सिग्नलही उलटला पाहिजे. प्रवाह बंद केल्यावर तो नाहीसा झाला पाहिजे. आणि माणसावरच्या नोंदीत फोकस बाजूला सरकवून घेतलेली नोंद, कच्च्या डेटासह, सोबत जोडलेली हवी. या चाचण्या आखताना ईईजी तंत्रज्ञाला पहिल्या बैठकीपासून सोबत घ्या आणि लेखकांच्या यादीत त्याचे नाव घाला. खरी लहर आणि आर्टिफॅक्ट यांतला फरक रोज त्याच्याच नजरेखालून जातो.