पेडण्यावरून धावणारी गाडी कोणाची?

गोव्यात आगगाडी धावते, पण तिची आखणी गोमंतकीयांसाठी झालेली नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. पोर्तुगीज अमदानीतील मुरगावचा मार्ग बंदराला घाटमाथ्याशी जोडण्यासाठी होता. १९९८ साली पूर्ण झालेली कोकण रेल्वे मुंबई आणि मंगळूर जोडण्यासाठी होती. पेडण्याच्या माणसाला सकाळी वेळेवर पणजीच्या कचेरीत पोहोचवावे, हा हेतू या दोहोंपैकी एकाही मार्गाचा नव्हता.

राजधानी पणजीत रेल्वेस्थानकच नाही. जवळचे स्थानक करमळी, तेही जुन्या गोव्यापाशी. डिचोली शहरातील प्रवाशाने बारदेशातील थिवी गाठावे. २०२३ च्या जूनमध्ये सुरू झालेली मुंबई–मडगाव वंदे भारत थिवीला थांबते आणि करमळीला वळसाही न देता पुढे मडगावला जाते. त्याच वर्षी जानेवारीत पेडणे तालुक्यात मोपा विमानतळ सुरू झाला. त्याच्या दारापर्यंतही रूळ पोहोचलेले नाहीत.

स्थानिक गाड्या मागितल्या की ‘मार्ग एकेरी आहे’ हे उत्तर ठरलेले. उत्तर खरे आहे. समोरची गाडी निघून जाईपर्यंत दुसरीने स्थानकात खोळंबायचे, आणि खोळंबते ती बहुधा पॅसेंजरच. जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी आले आणि कोकणची सारी वाहतूक अडली. मग दुहेरीकरण आधी गोव्यात का नको?

वेळापत्रक ठरते बेलापुरात, मुरगाव मार्गाचे हुबळीत. नावांचीही तीच गत. पेडणे रोमन पाटीवर ‘पेर्नेम’ होते, डिचोली ‘बिचोलिम’. अंती येणारा ‘म’ ही पोर्तुगीज लेखनातील अनुनासिकाची खूण, उच्चारायचे अक्षर नव्हे. आणि ‘ड’चा ‘र’ झाला तो पोर्तुगीज लेखणीला मूर्धन्य वर्ण पेलला नाही म्हणून. परकी लेखणी १९६१ साली गेली, तिकिटावरचे स्पेलिंग मात्र राहिले! विलीनीकरणास संमती देताना महाराष्ट्राने ‘कोकण रेल्वे’ हे नाव राखण्याची अट घातली. योग्यच केले. गोवा सरकारने तितक्याच आग्रहाने वेळापत्रकाची अट घालायला हवी होती.

आमची मागणी अशी: सावंतवाडी ते काणकोण ठरावीक अंतराने पॅसेंजर सोडावी, ती पेडणे, थिवी, करमळी येथे न चुकता थांबावी, थिवीहून डिचोलीला आणि करमळीहून पणजीला जाणारी कदंबची बस त्या गाडीच्या वेळेशी बांधलेली असावी. शेवटच्या कामाला तर एक रूळही टाकावा लागत नाही.