कामावर अपघात झाला तर: ‘राजीनाम्या’वर सही करण्यापूर्वी हे वाचा

भिलाईतील एखाद्या कारखान्यात तुमच्या घरातील माणूस जखमी झाला आहे, असे समजा. तो ठेकेदाराकडे कामाला आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठेकेदाराचा माणूस रुग्णालयात येतो, काही रोख रक्कम देतो आणि एका कागदावर सही मागतो. कागद हिंदीत आहे. त्यावर शब्द आहे ‘राजीनामा’.

गोंदिया, भंडारा किंवा नागपूरकडून आलेल्या मराठी कुटुंबाला वाटते की हा नोकरी सोडल्याचा कागद आहे. नोकरी तर गेल्यातच जमा आहे, असा विचार करून ते सही करतात. छत्तीसगडच्या कचेऱ्यांतील हिंदीत मात्र ‘राजीनामा’ म्हणजे आपसातली तडजोड. त्या सहीचा अर्थ ‘प्रकरण मिटले, आता काही मागणे नाही’ असा लावला जाऊ शकतो.

असा कागद समोर आला तर काय करावे आणि सही होऊन गेली असेल तर कोणता मार्ग उरतो, हे या लेखात पाहू. 21 नोव्हेंबर 2025 पासून कायद्याची चौकटही बदलली आहे, म्हणून हे समजून घेण्याची गरज वाढली आहे.

भिलाईचा अनुभव काय सांगतो?

12 जून 2014 रोजी भिलाई इस्पात संयंत्रात वायुगळती होऊन सहा जणांचा मृत्यू झाला. मृतांत दोन उपमहाव्यवस्थापक होते. 9 ऑक्टोबर 2018 रोजी याच संयंत्रात कोक ओव्हनच्या वायुवाहिनीवर देखभालीचे काम सुरू असताना स्फोट झाला आणि आग लागली. त्यात मृत्युमुखी पडलेल्यांत आग विझवणाऱ्या पथकातील कर्मचारीही होते.

अशा मोठ्या दुर्घटनेनंतर मदत जाहीर होते, चौकशी होते, बातम्या येतात. पण एका माणसाचा अंगठा प्रेसमध्ये जातो किंवा एकजण मचाणावरून पडतो, तेव्हा बातमी येत नाही. कायदा मात्र दोघांना सारखाच लागू आहे. जाहीर झालेली मदत म्हणजे सानुग्रह रक्कम. ती देणाऱ्याच्या इच्छेवर असते. कायद्यातील भरपाई हा हक्क आहे. पहिली मिळाली म्हणून दुसरी संपत नाही.

कायदा बदलला, म्हणजे काय बदलले?

कामावर झालेल्या इजेची भरपाई आतापर्यंत 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याखाली मिळत असे. आता त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 ने घेतली आहे. मूळ तत्त्व तेच आहे: काम करताना आणि कामामुळे अपघात झाला, तर मालक जबाबदार. मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. पूर्वी दावा आयुक्तांपुढे चालत असे, संहितेत त्यांना ‘सक्षम प्राधिकारी’ म्हटले आहे.

तुमचा अपघात 21 नोव्हेंबर 2025 पूर्वीचा असेल, तर साधारणपणे जुन्या कायद्याचा हिशेब लागतो. भरपाईचा हक्क अपघाताच्या दिवशीच उभा राहतो. सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्येच हे स्पष्ट केले आहे.

दोन बदल लक्षात ठेवण्यासारखे आहेत. पहिला, घरून कामावर जाताना किंवा परतताना झालेला अपघात. वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध दिसत असेल, तर संहिता त्याला कामावरचा अपघात मानते. जुन्या कायद्यात हे स्पष्ट लिहिलेले नव्हते. महाराष्ट्रातील एका साखर कारखान्याचा पहारेकरी 2003 मध्ये पहाटे कामावर जाताना रस्त्यात मृत्यू पावला. आयुक्तांनी भरपाई दिली, उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा मान्य केली. म्हणजे जुन्या कायद्याखालील दावाही केवळ ‘रस्त्यावर घडले’ म्हणून फेटाळता येणार नाही. पण त्या कुटुंबाची 22 वर्षे गेली, हेही विसरता येत नाही.

दुसरा बदल सुरक्षाविषयक संहितेत आहे. मालकाने कर्तव्यात कसूर केल्यामुळे मृत्यू किंवा गंभीर इजा झाली आणि न्यायालयाने दंड ठोठावला, तर त्या दंडातील किमान निम्मी रक्कम जखमीला किंवा वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते.

रक्कम कशी ठरते?

सूत्र सोपे आहे. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या 50 टक्के आणि कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी 60 टक्के रक्कम घ्यायची आणि तिला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे. वयाच्या तिसाव्या वर्षी हा गुणक 207.98 आहे.

हिशेबात धरायच्या वेतनाची मर्यादा केंद्र सरकार ठरवते. 2010 पासून ती 8,000 रुपये होती, जानेवारी 2020 मध्ये 15,000 रुपये झाली. त्या मर्यादेने 30 वर्षांच्या कामगाराचा हिशेब असा होतो:

- मृत्यू: 7,500 × 207.98 = 15,59,850 रुपये
- कायमचे पूर्ण अपंगत्व: 9,000 × 207.98 = 18,71,820 रुपये
- अंगठा गमावल्यास (30 टक्के): 5,61,546 रुपये

इथे एक अन्याय दडलेला आहे. महिना 28,000 रुपये मिळवणाऱ्याचाही हिशेब 15,000 वरच होतो. मर्यादा नसती, तर त्याच्या वारसांना 29,11,720 रुपये मिळाले असते. मर्यादा वर्षानुवर्षे तशीच राहते आणि महागाई वाढत जाते, तशी भरपाईची खरी किंमत घटते. अपघाताच्या तारखेला कोणती मर्यादा लागू होती, हे म्हणूनच आधी तपासा.

टक्केवारीबद्दलही सावध राहा. परिशिष्टात दिलेला आकडा म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. 1975 च्या त्याच खटल्यात एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून न्यायालयाने त्याचे अपंगत्व पूर्ण मानले. तेव्हा डॉक्टरांच्या दाखल्यात फक्त टक्के नकोत. तुम्ही कोणते काम करत होता आणि आता ते करू शकता का, हेही पुढे यायला हवे.

मालकाने एका महिन्यात रक्कम दिली नाही, तर वर्षाला 12 टक्के व्याज लागते. उशिराला योग्य कारण नसेल, तर 50 टक्क्यांपर्यंत दंडही होऊ शकतो.

‘तो आमचा माणूस नाही’

भिलाईत हे वाक्य वारंवार ऐकू येते. कारखाना म्हणतो, ठेकेदाराला विचारा. ठेकेदाराचा फोन बंद असतो. कायद्यात यावर उत्तर आहे. कारखान्याच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेले काम ठेकेदारामार्फत करून घेतले जात असेल आणि अपघात कारखान्याच्या आवारात झाला असेल, तर भरपाई मुख्य मालकाकडून मागता येते. ठेकेदाराकडून वसुली करणे हा त्यांचा आपसातला प्रश्न.

‘चूक तुझीच होती’ हे दुसरे वाक्य. साधा निष्काळजीपणा भरपाई रोखत नाही. दारू पिऊन काम करणे किंवा सुरक्षेची साधने जाणूनबुजून काढून टाकणे, अशी कारणे मालक पुढे करू शकतो. पण मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व असेल, तर तीही चालत नाहीत.

सही झाली असेल तर?

घाबरू नका. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने निरर्थक आहे. रकमेबद्दल तडजोड झाली, तरी तिची नोंद प्राधिकाऱ्यांकडे व्हावी लागते आणि रक्कम अपुरी वाटल्यास ते नोंद नाकारू शकतात. मृत्यूच्या प्रकरणात भरपाई प्राधिकाऱ्यांकडेच जमा करावी लागते. वारसांच्या हातात परस्पर दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत.

तुम्ही राज्य कर्मचारी विमा योजनेत असाल, तर मार्ग वेगळा आहे. महिना 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना ही योजना लागू होते. तिथे उपचारांबरोबर तात्पुरत्या अपंगत्वात वेतनाच्या सुमारे 90 टक्के लाभ मिळतो, मृत्यू झाल्यास अवलंबितांना मासिक रक्कम मिळते. मात्र त्याच इजेसाठी मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही. म्हणून आधी विमा क्रमांक आहे का, ते पाहा.

वकील विनामूल्य मिळतो

1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार औद्योगिक कामगाराला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि अपंग व्यक्ती यांनाही उत्पन्नाची अट नाही. त्यामुळे मृत कामगाराची पत्नी स्वतःच्या नावाने अर्ज करू शकते. भिलाईसाठी दुर्ग येथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा 15100 या क्रमांकावर फोन करा. दावा कोणापुढे दाखल करायचा, तेही तिथेच विचारा.

गावी परतलेल्या कुटुंबाने लक्षात ठेवावे की दावा अपघाताच्या ठिकाणीच करावा असे नाही. तुम्ही जिथे राहता, तिथेही तो करता येतो. गोंदियात राहणाऱ्या विधवेला प्रत्येक तारखेला दुर्गला जाण्याची गरज नाही.

लगेच करायच्या गोष्टी

1. अपघाताची लेखी सूचना मालक आणि ठेकेदार दोघांना द्या व पोच घ्या.
2. गेट पास, हजेरी, पगाराच्या नोंदी आणि बँक पासबुक यांचे फोटो काढून ठेवा. तुम्ही कामावर होता, हे सिद्ध करायला तेच उपयोगी पडतात.
3. रुग्णालयात ‘कामावर अपघात’ अशीच नोंद करायला सांगा. ‘घरी पडला’ अशी नोंद होऊ देऊ नका.
4. सोबत काम करणाऱ्या दोघा-तिघांची नावे आणि फोन क्रमांक लिहून घ्या.
5. दावा दोन वर्षांच्या आत करा. उशीर झाला असेल, तर योग्य कारण देऊन अर्ज करता येतो.

हिंदी कागदावर ‘प्रतिकर’ किंवा ‘मुआवजा’ म्हणजे भरपाई, ‘अनुग्रह राशि’ म्हणजे सानुग्रह रक्कम, ‘आश्रित’ म्हणजे अवलंबित आणि ‘राजीनामा’ म्हणजे तडजोड. शब्द ओळखीचा वाटला, तरी अर्थ विचारा. कागद घरी नेऊन वाचून घेतो, असे सांगण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.