शुभ बोल नाऱ्या!

"निगेटिव्ह बोलू नकोस गं, वास्तू तथास्तु म्हणत असते."

गेल्या वर्षभरात हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की त्या वास्तूलाच एकदा गप्प बसायला सांगावंसं वाटतं. आज जरा चिडून लिहितेय, आधीच सांगते. नातेवाईक मंडळींनी राग मानू नये... किंवा मानावा. चालेल.

मागच्या वर्षी माझ्या मावशीला स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली. भेटायला आलेल्या एका ताईंनी तिला दोनशे पानी वही दिली आणि नेम सांगितला. रोज सकाळी २१ वेळा लिहायचं, 'मी पूर्णपणे निरोगी आहे'. पथ्य एकच, दुखण्याखुपण्याचा उच्चार करायचा नाही. मावशी जन्मभर शाळेत शिकवत होती. गृहपाठ म्हटल्यावर ती करणारच, तोही समास सोडून.

तिसऱ्या केमोनंतर तिला ताप आला. केमोमुळे पांढऱ्या पेशी कमी होतात, साधा जंतुसंसर्गही जिवावर बेतू शकतो. म्हणून ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला की रात्र असो वा पहाट, लगेच डॉक्टरांना कळवायचं असतं. हे आम्हाला लिहून दिलेलं होतं. कागद फ्रीजवर चिकटवलेला होता. मावशीनं दीड दिवस कुणाला सांगितलंच नाही. "कणकण आहे म्हटलं असतं तर वाढली असती ना," असं नंतर म्हणाली.

पाच दिवस दवाखान्यात, शिरेतून अँटिबायोटिक्स. वाचली. तिचे कपडे न्यायला घरी आले तेव्हा वही उघडून पाहिली. तापातल्या दोन्ही सकाळची पानं भरलेली होती. ४२ वेळा 'मी पूर्णपणे निरोगी आहे'. अक्षर थरथरलेलं.

आता तुम्ही म्हणाल, त्यात त्या वाक्याचा काय दोष? बघू या.

हे रोज घोकायचं प्रकरण लोकप्रिय केलं ते एमिल कुए (१८५७-१९२६) या फ्रेंच औषधविक्रेत्यानं. औषध देताना त्याची तारीफ केली की गुण जास्त येतो असं त्याच्या लक्षात आलं होतं. मग 'मी दिवसेंदिवस सुधारतो आहे' अशा अर्थाचं वाक्य रोज वीसदा म्हणायला तो सांगू लागला. 'सुधारतो आहे' हं, 'मला काही झालेलंच नाही' असं नव्हे! पुढे लुईझ हे यांचं 'यू कॅन हील युअर लाइफ' (१९८४) आलं, 'द सीक्रेट' (२००६) आलं, आणि आजाराचं मूळच माणसाच्या विचारात जाऊन बसलं. खरी गोम इथे आहे. विचारांनी बरं होता येतं म्हटलं की बरं न होणाऱ्याचे विचारच वाईट होते असं ठरतं. म्हणजे आजार मावशीचा, आणि गुन्हेगारही मावशीच.

२००९ साली कॅनडातल्या जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. 'मी प्रेम करण्याजोगी आहे' अशा अर्थाचं वाक्य लोकांना मनाशी म्हणायला लावलं. ज्यांना स्वतःबद्दल आधीच बरं वाटत होतं त्यांना किंचित फायदा झाला. ज्यांना वाटत नव्हतं त्यांना आणखी वाईट वाटलं. म्हणजे ज्याला गरज, त्यालाच हे औषध बाधतं.

"पण हे आपल्या संस्कृतीतच आहे," असंही ऐकवलं जातं. आहे ना. आपण नारळ फोडत नाही, वाढवतो. 'जाते' न म्हणता 'येते' म्हणून निघतो. पण ती बोलण्याची रीत झाली. वाढवल्यावर नारळ अख्खा राहिला असं कुणी समजत नाही, खोबरं वाटतातच! आणि मनाशी बोलायचंच असेल तर समर्थांनी २०५ श्लोक लिहून ठेवलेत. त्यात मनाला विनवणी आहे, उपदेश आहे, चांगली कानउघाडणी आहे. 'तू परिपूर्ण आहेस' असं सर्टिफिकेट नाही.

माझा उमेदीला विरोध नाही. "आज जिन्यापर्यंत चालेन" हे वाक्य मला आवडतं, कारण ते तिच्या हातात आहे आणि खोटं नाही.

मावशीची ट्रीटमेंट आता संपली. वही तीच आहे, पण तिनं ती उलट बाजूनं सुरू केलीय. परवाचं पान : 'ताप नाही. अर्धी भाकरी गेली. पायाला मुंग्या. जिना दोनदा.' याहून पॉझिटिव्ह मी बऱ्याच दिवसांत काही वाचलेलं नाही.

'शुभ बोल नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली.' आपण पिढ्यान् पिढ्या त्या नाऱ्याला हसतो. पण मांडवाला आग खरंच लागली असेल तर?

तेव्हा पुढच्या वेळी आजाऱ्याला भेटायला जाल तेव्हा वही नेऊ नका. "आज काय दुखतंय?" एवढं विचारा, आणि उत्तर संपेपर्यंत ऐका.