वेठ, बिगार आणि उचल

संस्कृतातील 'विष्टि'पासून आलेली वेठ आणि सुलतानी अमलात फारसीतून आलेली बिगार, या दोहोंचा भार ज्या रयतेने एकाच पाठीवर वाहिला, तिच्या भाषेत 'वेठबिगार' असा जोडशब्द रूढ व्हावा, हे राज्यकर्ते पालटले तरी राबणारे तेच राहिले याची साक्ष होय. संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने बिगार निषिद्ध ठरविली. १९७६ च्या निर्मूलन कायद्याने तिच्यापोटीचे कर्जही रद्द केले. तथापि आमच्या बुलढाणा जिल्ह्यात पाडव्याला सालगडी ठरतो, तेव्हा हाती पडलेली उचल दुखण्यात नाहीतर लेकीच्या लग्नात सरते, आणि सालअखेर मालकाच्या वहीत त्याच्या नावे बाकी निघाली, की दुसऱ्या दारी कामास जाण्याची त्याची मुभा संपते. प्रत्येक सालगडी वेठबिगार असतो, असे मी म्हणत नाही. पुष्कळ घरी त्याला मानाने वागवितात. परंतु आगाऊ रकमेपोटी काम सोडण्याचे स्वातंत्र्य ज्याने गमावले, तो कायद्याच्या दृष्टीने वेठबिगारच. जिल्हा व उपविभागासाठी दक्षता समित्या याच कायद्याने सांगितल्या आहेत. त्यांनी मेहकर, लोणार, सिंदखेडराजाच्या गावोगावी जाऊन येत्या पाडव्यापूर्वी या वह्या तपासाव्यात.